डेमिउर्गोस

डेमिउर्गोस : ‘कारागीर’, ‘निर्माता’ या अर्थांचा प्राचीन ग्रीक शब्द. ‘डेमॉस’ (लोक, जनसमुदाय) आणि ‘एर्गॉन’ (काम) या शब्दांशी त्याचे नाते असून ‘लोकांचे काम करणारा’ असा त्याचा व्युत्पत्त्यर्थ होतो. प्लेटोने (इ. स. पू. सु. ४२७–३४७) विश्वाची रचना करणाऱ्या देवाला हे नाव दिल्यामुळे तत्त्वज्ञान व धर्म यांच्या इतिहासात त्याला विशेष महत्त्व आले.

होमरच्या ओडिसी या महाकाव्याच्या सतराव्या सर्गात भविष्यवेत्ता, वैद्य, सुतार व गायककवी यांचा या नावाने निर्देश आहे. अशा माणसांना परक्या प्रदेशातूनही लोक आवर्जून बोलावून आणतात, असे तेथे म्हटले आहे. एकोणिसाव्या सर्गात राजदूतांनाही हाच शब्द लावलेला दिसतो. यावरून हातकाम हे या वर्गाचे लक्षण नव्हते, हे उघड आहे. स्वतःच्या घरापुरते काम न करता ज्याचे कौशल्य सर्वांच्या उपयोगी पडे, तो डेमिउर्गोस.

याच मूळ अर्थातून दुसरा, राजकीय अर्थ निघाला. पेलोपनीसमधील अनेक नगरराज्यांत डेमिउर्गोस हे अधिकारपद होते. इ. स. पू. ४२० मध्ये अथेन्सने आर्गॉस, मँटिनीया व ईलिस यांच्याशी केलेल्या तहाची शपथ घेणाऱ्यांत मँटिनीया व ईलिस येथील या अधिकाऱ्यांचा समावेश होता. थेसलीतील लॅरिसा येथेही हे पद होते. तेथील अधिकारी नागरिकत्व देत, त्यावर गॉर्जिअस या वक्त्याने केलेली कोटी ॲरिस्टॉटलने नोंदविली आहे : उखळ घडविणारे उखळे घडवितात, तसे लॅरिसाचे डेमिउर्गोस लॅरिसाकर घडवितात! दोन्ही अर्थ ऐकणाऱ्यांच्या मनात एकाच वेळी जागे असल्याखेरीज ही कोटी समजली नसती. अथेन्समध्ये मात्र कारागीर हाच अर्थ मुख्यतः रूढ होता.

प्लेटोच्या समाजव्यवस्थेत या कारागिराला मान नाही. रिपब्लिकमध्ये तो राज्यकारभाराबाहेरच्या तिसऱ्या वर्गात मोडतो. लॉजमध्ये तर नागरिकाने कारागिरी करूच नये, असा दंडक आहे. असे असता टायमीअस या उत्तरकालीन संवादात त्याने विश्वकर्त्या देवासाठी हाच शब्द योजावा, ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे. याचे कारण कारागिराच्या सामाजिक दर्जात शोधण्यात अर्थ नाही, ते त्याच्या कामाच्या रीतीत सापडते. सुतार पलंगाचे रूप डोळ्यांपुढे ठेवून लाकूड घडवितो. त्याचप्रमाणे टायमीअसमधील देव शाश्वत आदर्शाकडे पाहून, अस्ताव्यस्त हलणाऱ्या द्रव्याला संख्या व प्रमाण यांच्या साहाय्याने व्यवस्था देतो. तो चांगला आहे, मत्सरी नाही. म्हणून जग शक्य तितके चांगले व्हावे, अशी त्याची इच्छा असते. ‘शक्य तितके’ ही मर्यादा महत्त्वाची आहे. द्रव्य त्याने निर्माण केलेले नाही, आदर्शही त्याचा नाही आणि ‘अनिवार्यते’चे मन त्याला वळवावे लागते. मर्त्य देह घडविण्याचे काम तर तो कनिष्ठ देवांवर सोपवितो. हे वर्णन अक्षरशः घ्यावे की नाही, याविषयी प्लेटोच्या शिष्यांतच वाद झाला. जगाला प्रारंभ असल्याचे मत ॲरिस्टॉटलने खोडून काढले. उलट, भूमितीतील आकृतीप्रमाणे ही रचनाकथा केवळ समजावून देण्यासाठी आहे, असे झेनॉक्राटीझ मानी.

या मर्यादेमुळेच पुढे शब्दाचा अर्थ उलटला. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील ज्ञेयवादी (नॉस्टिक) पंथांनी जगातील दुःखाचा दोष त्याच्या कर्त्यावर ठेवला. त्यांचा डेमिउर्गोस हा परमेश्वराहून कनिष्ठ व अज्ञानी असून आपल्यावर कोणी नाही, अशा भ्रमात असतो. १९४५ मध्ये ईजिप्तमधील नाग हमादी येथे सापडलेल्या कॉप्टिक हस्तलिखितांत त्याचे याल्दाबाओथ हे नाव आढळते. जगाची व त्याच्या कर्त्याची ही निंदा प्लोटायनसला (सु. २०४–७०) मान्य नव्हती, तिच्या खंडनार्थ त्याने स्वतंत्र प्रकरण लिहिले. शून्यातून सृष्टी मानणाऱ्या ख्रिस्ती धर्मशास्त्रालाही द्रव्यावर अवलंबून असलेला कर्ता अपुरा वाटला. तरी हा शब्द त्याने टाकला नाही. नव्या करारात तो हिब्रूंस पत्रात (११·१०) एकदाच, ईश्वराला उद्देशून येतो.

कांटने विश्वाचा शिल्पकार व विश्वाचा स्रष्टा यांत केलेला भेद या जुन्या वादाशीच निगडित आहे. मार्क्सने कॅपिटलच्या दुसऱ्या आवृत्तीच्या उपसंहारात (१८७३) हेगेलवर टीका करताना, त्याच्या मते विचार हाच वास्तवाचा डेमिउर्गोस ठरतो, असे म्हटले. आधुनिक ग्रीक भाषेत हा शब्द निर्माता, सर्जक या अर्थांनी प्रचलित असून लेखक व कलावंत यांनाही लावला जातो.