एआय एजंट योग्य टूल कसं निवडतो? सोयाबीनच्या भावावरून समजून घ्या

एआय एजंट म्हणजे नुसती उत्तरं न देता, जोडलेली टूल्स वापरून काम करणारा एआय. कोणतं टूल कधी वापरायचं, हे तो मुख्यतः टूलचं नाव आणि सोबतचं वर्णन वाचून ठरवतो.

गडबड कुठे होते?
समजा, शेतकऱ्यांसाठीच्या एजंटकडे दोन टूल्स आहेत: हमीभावाचं आणि बाजारभावाचं. दोन्हींचं वर्णन एकच, ‘पिकाचा भाव सांगतं’. शेतकऱ्याने विचारलं, “आज लातूरला सोयाबीन काय भावानं गेलं?” एजंटने हमीभावाचं टूल उघडलं, तर उत्तर येईल क्विंटलला ५,३२८ रुपये. हा केंद्राचा २०२५-२६ चा हमीभाव. आडत बाजारातला भाव त्याहून कमी असू शकतो. या आकड्यावर विसंबून माल नेला, तर फटका शेतकऱ्यालाच.

वर्णन कसं हवं?
‘केंद्राने हंगामासाठी जाहीर केलेला हमीभाव. बाजार समितीतल्या रोजच्या भावासाठी वापरू नये.’ टूल कधी वापरायचं नाही, हेही लिहायला हवं.

तपासतात कसं?
प्रश्नांचा संच करून प्रत्येकाचं योग्य टूल आधी ठरवायचं. मग जुन्या आणि नव्या वर्णनावर तेच प्रश्न अनेकदा विचारायचे. बाकी काही बदलायचं नाही. टूल बरोबर निवडलं का? पीक, बाजार, तारीख नीट भरली का? हे मोजायचं.

फसवे प्रश्नही हवेत. उदाहरणार्थ, “नांदेडला हळदीचा हमीभाव किती?” केंद्राच्या हमीभावाच्या यादीत हळद नाही. एजंटने बाजारभावच हमीभाव म्हणून सांगितला, तर तो नापास.

तुम्ही काय कराल?
एजंटने भाव सांगितला, की विचारा: कोणता भाव, कुठला बाजार, कोणती तारीख?