आढ्याला टांगलेली चौकट

गोधडी जमिनीवर पसरून शिवावयाची, हा आपल्याकडील परिपाठ. शिवणारी बाई तीवरच बसते; तिच्या अंगाचा भार हीच तिची चौकट. अमेरिकेत मात्र एकोणिसाव्या शतकात या कामी लाकडी चौकट सर्रास वापरीत. वर तुकड्यांचे जोडकाम, मध्ये पिंजलेला कापूस, खाली अस्तर. हे तिन्ही थर न सरकता ताणून धरणे हे तिचे काम.

रचना साधीच. चार दांडे, त्यांना भोके आणि कोपऱ्यांवर खुंट्या. खुंटी पुढच्या भोकात घातली की चौकट लहानमोठी होई. हात कडेपासून फार आत पोचत नाही, म्हणून शिवलेला भाग दांड्याभोवती गुंडाळीत जात. पुढे दात्यांचे चाक व खटका आला आणि ताण हवा तितका राखता येऊ लागला.

खरी अडचण जागेची. एका खोलीच्या घरात पलंगाएवढी चौकट ठेवावी कोठे? तिचे कोपरे दोरांनी आढ्याला टांगीत. रात्री ती वर ओढली की खाली अंथरुणांस जागा मोकळी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घडीच्या चौकटींना पेटंटे मिळाली. पण गरज त्या खोल्यांतील स्त्रियांनी आधीच ओळखली होती.

1966 साली अलाबामात नागरी हक्कांच्या चळवळीतून ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही कृष्णवर्णीय स्त्रियांची सहकारी संस्था निघाली आणि घरच्या कलेतून रोख पैसा मिळू लागला.

बदलीच्या गावी दोन खोल्यांत संसार मांडणाऱ्या आम्हांला यात एक गोष्ट विशेष वाटते: जागा नाही म्हणून त्या स्त्रियांनी काम सोडले नाही, कामालाच आवरून ठेवण्याची रीत शिकविली.