स्वेथलिंग करंडक

स्वेथलिंग करंडक : टेबल टेनिसच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत पुरुषांच्या सांघिक विजेत्यांना दिला जाणारा करंडक, याच नावाने ती सांघिक स्पर्धाही ओळखली जाते. प्रारंभ १९२६, लंडन. एकेरीचे जागतिक विजेतेपद एखादा असामान्य खेळाडू स्वतःच्या बळावर खेचून आणू शकतो. हा करंडक मात्र त्याच्या एकट्याच्या हाती कधीच लागत नाही. त्यामुळे एखाद्या देशाचे टेबल टेनिस खरोखर किती पाण्यात आहे, हे पाहायचे तर एकेरीच्या विजेत्यांच्या यादीपेक्षा या करंडकाचा इतिहास पाहावा.

करंडकाची देणगी लेडी स्वेथलिंग यांची. त्यांचे चिरंजीव आयव्हर माँटेग्यू हे आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघाचे पहिले अध्यक्ष. १९२६ पासून १९६७ पर्यंत, म्हणजे चार दशकांहून अधिक काळ, ते या पदावर होते. चित्रपटनिर्माते आणि कट्टर डाव्या विचारांचे कार्यकर्ते म्हणूनही त्यांची ओळख आहे. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांमुळे आपल्याला माहीत असलेले भारतमंत्री एडविन माँटेग्यू हे त्यांचे सख्खे काका. भारताशी या करंडकाचा संबंध एवढ्यावर थांबत नाही. डिसेंबर १९२६ मधली लंडनची स्पर्धा मुळात युरोपीय अजिंक्यपदाची म्हणून ठरली होती. इंग्लंडमध्ये राहणारे भारतीय खेळाडू तिच्यात संघ म्हणून उतरले, तेव्हा तिला युरोपीय म्हणणे शक्य राहिले नाही आणि ती जागतिक स्पर्धा ठरली. त्याच सुमारास स्थापन झालेल्या महासंघाच्या संस्थापक सदस्यांतही भारत होता. आपल्याकडच्या क्रीडालेखनात या गोष्टीचा उल्लेख फारसा होत नाही, तो व्हायला हवा.

लढतीची मूळ पद्धत समजून घेतल्याशिवाय करंडकाचे मोल कळणार नाही. दोन्ही संघांकडून तीन-तीन खेळाडू उतरत. एका संघाचे खेळाडू ए, बी, सी, तर दुसऱ्याचे एक्स, वाय, झेड. प्रत्येकाने समोरच्या तिघांशी खेळायचे, म्हणजे एकूण नऊ एकेरी सामने. जो संघ आधी पाच जिंकेल त्याची लढत. क्रमही ठरलेला असे : ए-एक्स, बी-वाय, सी-झेड, मग बी-एक्स, ए-झेड, सी-वाय आणि शेवटी बी-झेड, सी-एक्स, ए-वाय. संघातला सर्वोत्तम खेळाडू आपले तिन्ही सामने जिंकला तरी खात्यात तीनच विजय जमा होतात, उरलेले दोन सोबत्यांनीच आणायचे. तिसरा खेळाडू कच्चा असेल तर ते झाकायला जागाच नाही, कारण त्यालाही तिघांना तोंड द्यावे लागते. दुहेरीचा सामना या पद्धतीत नव्हता. संघाची याहून चोख परीक्षा टेबल टेनिसमध्ये दुसरी झालेली नाही.

सुरुवातीचा काळ हंगेरीचा. १९२६ ते १९३५ या वर्षांत, १९३२ च्या प्राग येथील स्पर्धेत चेकोस्लोव्हाकियाने मिळवलेला विजय सोडला, तर दर वेळी करंडक हंगेरीकडेच गेला. व्हिक्टर बार्ना एकटा सात विजेत्या संघांत होता. तेव्हाच्या बॅटवर दाणेदार रबराचा पातळ थर असे. चेंडूला आजच्यासारखी फिरकी मिळत नसे, जाळी उंच होती आणि बचाव करणाऱ्याला हरवणे महाकठीण. त्याचा कडेलोट १९३६ साली प्रागमध्ये याच करंडकाच्या स्पर्धेत झाला. पोलंडचा अलॉइझी एर्लिख आणि रुमानियाचा फर्कास पानेत यांच्या सामन्यातला पहिलाच गुण दोन तासांहून अधिक वेळ चालला. दोघेही चेंडू फक्त परत टाकत राहिले, धोका पत्करायला कोणीच तयार नाही, आणि फलक शून्य-शून्यावरच. त्याच स्पर्धेत ऑस्ट्रिया आणि रुमानिया यांची अंतिम लढतही अशीच लांबत गेली आणि ऑस्ट्रियाने ती ५-४ अशी जिंकली. खेळ असाच राहिला तर प्रेक्षक उरणार नाहीत, हे महासंघाने ओळखले. पुढच्याच वर्षी जाळीची उंची पावणेसात इंचांवरून सहा इंचांवर आणली गेली आणि डावाला वेळेची मर्यादा पडली. सहा इंचांची ती जाळी आजही कायम आहे.

महायुद्धापूर्वीच्या या पिढीतले बरेच अव्वल खेळाडू मध्य युरोपातले ज्यू होते. एर्लिख नाझींच्या छळछावण्यांतून वाचला. १९३६ च्या विजेत्या ऑस्ट्रियन संघातला कोवळ्या वयाचा रिचर्ड बर्गमन हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर इंग्लंडला गेला, आणि १९५३ साली बुखारेस्टमध्ये इंग्लंडने हा करंडक जिंकला तेव्हा त्या संघात तो होता. इंग्लंडचे हे एकमेव विजेतेपद. अमेरिकेचेही एकच, १९३७ चे. १९४० ते १९४६ या काळात युद्धामुळे स्पर्धा झाली नाही; या काळाच्या आगेमागे चेकोस्लोव्हाकियाने बोहुमिल वाना आणि इव्हान आंद्रेयादिस यांच्यासारख्या खेळाडूंच्या जोरावर आपल्या विजयांची संख्या सहावर नेली.

फेब्रुवारी १९५२ मध्ये ही स्पर्धा मुंबईला आली. आशियात झालेली ही पहिलीच जागतिक टेबल टेनिस स्पर्धा. करंडक अंतिम लढतीत इंग्लंडला हरवून हंगेरीने नेला. योझेफ कोचियान आणि फेरेंट्स शिदो हे त्या संघाचे आधार. तरीही मुंबईची स्पर्धा लक्षात राहिली ती जपानच्या हिरोजी सातोमुळे. जपान प्रथमच जागतिक स्पर्धेत उतरला होता आणि चष्मा लावणाऱ्या, अंगाने किरकोळ सातोच्या बॅटवर स्पंजचा जाड थर होता. रबरी बॅटचा चेंडूवर टक् असा आवाज येतो. अनुभवी खेळाडू त्या आवाजावरून चेंडूचा वेग आणि फिरकी ताडतात. सातोच्या बॅटचा आवाजच येत नव्हता. चेंडू स्पंजात रुतायचा आणि अनपेक्षित वेगाने बाहेर पडायचा. कोचियानला हरवून त्याने एकेरीचे विजेतेपद मिळवले. सांघिक स्पर्धेत जपानला त्या वर्षी कांस्यपदकावर समाधान मानावे लागले, पण युरोपची सद्दी संपत आल्याचे मुंबईत दिसून आले. स्पंजच्या बॅटवरून पुढे बराच वाद झाला. अखेर १९५९ मध्ये नुसत्या स्पंजवर बंदी आली आणि रबर व स्पंज मिळून थराची जाडी चार मिलिमीटरपर्यंत मर्यादित झाली. आज जगभरच्या क्लबांतून वापरली जाणारी बॅट याच नियमातून घडली आहे.

१९५४ ते १९५९ या काळातल्या पाचही स्पर्धा जपानने जिंकल्या. इचिरो ओगिमुरा या पाचही संघांत होता. पुढे तो महासंघाचा अध्यक्ष झाला. १९५७ नंतर स्पर्धा दर वर्षी न होता एक वर्षाआड होऊ लागली. १९६१ मध्ये यजमान चीनने बीजिंगमध्ये जपानला ५-३ असे हरवून पहिल्यांदा करंडक उचलला, आणि १९६३ व १९६५ मध्येही तो स्वतःकडेच ठेवला. त्या पहिल्या विजयातला रोंग ग्वोत्वान हा चीनचा कोणत्याही खेळातला पहिला जागतिक विजेता. सांस्कृतिक क्रांतीत त्याचा छळ झाला आणि १९६८ मध्ये त्याने जीव दिला. १९६७ आणि १९६९ च्या स्पर्धांना चीनचा संघ गेलाच नाही. जपानच्या त्या दोन विजयांकडे पाहताना हे ध्यानात ठेवावे लागते. चीन परतला तो १९७१ मध्ये नागोयाला. करंडक तर त्याने जिंकलाच, शिवाय त्याच दिवसांत अमेरिकेचा ग्लेन कोवन चिनी संघाच्या बसमध्ये चढला, चिनी खेळाडू च्वांग त्सतुंगने त्याला रेशमी कापडावरचे चित्र भेट दिले आणि अमेरिकी खेळाडूंना चीनभेटीचे निमंत्रण मिळाले. पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्ष निक्सन बीजिंगला गेले.

चीनला या करंडकात वारंवार रोखले ते स्वीडनने. १९७३ मध्ये सारायेव्होत ५-४. मग १९८९ मध्ये डॉर्टमुंडला वाल्डनर, पेरसन आणि अप्पेलग्रेन यांनी ५-० असा धुव्वा उडवला. १९९१ आणि १९९३ मध्येही स्वीडनच जिंकला. १९९१ ला तर चीन सातव्या क्रमांकावर घसरला होता. (हंगेरीने १९७९ मध्ये प्याँगयाँगला मिळवलेला ५-१ हा विजयही असाच मोलाचा.) चीनने प्रशिक्षणाची घडी नव्याने बसवली आणि १९९५ मध्ये त्यांज्यिनला स्वीडनला ३-२ असे नमवले. स्वीडनने २००० साली क्वालालंपूरला ३-२ अशी परतफेड केली. त्यानंतर २००१ पासून २०२४ पर्यंतचे सलग अकरा करंडक चीनचे. २०२४ पर्यंतची एकूण विजेतेपदे : चीन २३, हंगेरी १२, जपान ७, चेकोस्लोव्हाकिया ६, स्वीडन ५.

वर दिलेल्या आकड्यांत पाचाऐवजी तीन विजयांचे निकाल दिसू लागतात, कारण १९९० च्या दशकात नऊ सामन्यांची पद्धत मोडीत निघाली. आता लढत पाच सामन्यांची असते : ए-एक्स, बी-वाय, सी-झेड, ए-वाय, बी-एक्स. ए, बी, एक्स आणि वाय दोनदा खेळू शकतात, सी आणि झेड एकदाच. नाणेफेकीनंतर कर्णधार खेळाडूंचा क्रम लिहून देतो, समोरचा क्रम मात्र त्याला ठाऊक नसतो. प्रत्येक सामना अकरा गुणांच्या पाच डावांचा. लढत आटोपशीर झाली, दूरचित्रवाणीला ते सोयीचे. पण जिंकायला लागणाऱ्या तीन विजयांपैकी दोन आता एकटा खेळाडू मिळवू शकतो. २०२२ मध्ये चेंगदूला उपांत्य फेरीत जपानच्या हारिमोतोने फान जेनदोंग आणि वांग छूछिन या दोघांनाही हरवले. चीन ३-२ असा कसाबसा सुटला. जुन्या पद्धतीत एका खेळाडूमुळे चीनवर अशी वेळ येणे अवघड होते. नवी पद्धत अधिक रंगतदार आहे हे खरे, पण संघाच्या खोलीची परीक्षा म्हणून जुनीच सरस होती. २००३ पासून एकेरी-दुहेरीच्या आणि सांघिक जागतिक स्पर्धा वेगवेगळ्या वर्षी होतात. करोनामुळे २०२० ची बुसान येथील स्पर्धा रद्द झाली आणि बुसानला तो मान २०२४ मध्ये मिळाला.

मुंबईनंतर भारतात ही स्पर्धा दोनदा झाली : १९७५ मध्ये कोलकात्याला, तिच्यासाठी बांधलेल्या नेताजी इनडोअर स्टेडियममध्ये, आणि १९८७ मध्ये नवी दिल्लीला. भारतीय संघाला मुंबईने नीरज बजाज, कमलेश मेहता यांच्यासारखे खेळाडू दिले. मेहता आठ वेळा राष्ट्रीय विजेते होते. स्पर्धा वेगवेगळ्या श्रेणींत खेळवली जाऊ लागल्यावर भारत बराच काळ खालच्या श्रेणीत अडकला होता. २०१६ मध्ये क्वालालंपूरला भारतीय संघाने दुसरी श्रेणी जिंकून वरच्या श्रेणीत प्रवेश मिळवला. २०२४ मध्ये बुसानला भारतीय संघ उपउपांत्यपूर्व फेरीत दक्षिण कोरियाकडून ०-३ असा हरला. मात्र जागतिक क्रमवारीच्या आधारे त्याच वर्षीच्या पॅरिस ऑलिंपिकच्या सांघिक स्पर्धेत भारताच्या पुरुष संघाला पहिल्यांदाच प्रवेश मिळाला.