शंभर मण्यांची माळ

आमचा चार-पाच जणांचा कंपू रोज सकाळी विद्यापीठाच्या आवारात फिरायला जातो. सगळे सत्तरीच्या आगेमागे. त्यातल्या एकाने मध्यंतरी येणं बंद केलं. गुडघा दुखतो हे एक, पण खरं कारण मनगटावरचा पट्टा. तो रोज चार हजार पावलं दाखवायचा. "दहा हजार होतच नाहीत, मग चालून उपयोग काय?" तेव्हा हा दहा हजारांचा आकडा आला कुठून, ते आम्ही शोधायला बसलो.

पावलं मोजणं जुनंच. 1865 साली सर्वेक्षण खात्याने कुमाऊंचे पंडित नैनसिंग यांना वेश पालटून तिबेटकडे धाडलं. हातात जपमाळ, पण 108 ऐवजी 100 मण्यांची! दर शंभर पावलांना एक मणी ओढायचा. माळ पुरी झाली की दहा हजार पावलं, म्हणजे साधारण पाच मैल. बघणाऱ्याला वाटावं जप चाललाय. ल्हासापर्यंतची वाट त्यांनी अशी मोजली.

बरोबर शंभर वर्षांनी, 1965 मध्ये, जपानच्या यामासा कंपनीने कमरेला लावायचं यंत्र बाजारात आणलं, 'मानपो-केई'. शब्दशः, दहा हजार पावलांचं मापक. टोकियो ऑलिंपिक नुकतंच झालेलं, व्यायामाची हवा होती. आकडा सुटसुटीत, जाहिरातीला सोयीचा. वैद्यकीय पुराव्यातून तो निघालेला नव्हता.

नैनसिंग मोजत होते रस्ता. इथे माणूसच मोजला जाऊ लागला. रस्त्याचं माप चुकलं तर नकाशा बिघडतो. माणसाला भलतंच माप लावलं तर तो घरी बसतो, आमच्या मित्रासारखा.

यंत्राला आम्ही नावं ठेवत नाही. 2007 मध्ये 26 अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यात पाऊलमापक वापरणारे दिवसाला सुमारे अडीच हजार पावलं जास्त चालत होते, आणि समोर काही लक्ष्य असणं महत्त्वाचं ठरलं होतं. पण लक्ष्य केवढं? 2019 च्या एका अमेरिकी अभ्यासात सरासरी 72 वर्षांच्या सोळा हजारांवर स्त्रिया होत्या. रोज 2,700 पावलं चालणाऱ्यांपेक्षा 4,400 चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण 41 टक्के कमी दिसलं. साडेसात हजारांच्या आसपास फायदा वाढायचा थांबला. (अभ्यास स्त्रियांचा होता, ही हरकत मित्राने लगेच घेतली.)

आम्ही त्याला पैठणची आठवण दिली. नाथांची पालखी पंढरपूरला निघते तेव्हा वारकरी मुक्काम मोजतात. आजचा गाठला की आजचं चालणं झालं.

तो परत येऊ लागलाय. पट्टा लावूनच येतो, फक्त लक्ष्य पाच हजारांवर आणलंय.