दोन धामणगाव: एक गढीचं, एक रेल्वेचं

आमच्या अमरावती जिल्ह्यात धामणगाव दोन आहेत. एक तिकडं अचलपूरकडचं, धामणगाव गढी. दुसरं आमचं, धामणगाव रेल्वे. चांदूरही दोनच, एक बाजार आणि एक रेल्वे. नवा माणूस एसटीत बसताना हमखास घोळ करतो.

माझा भाचा स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. परवा जागतिक इतिहासाचं पुस्तक घेऊन ओसरीवर बसला होता. मेक्सिको, ॲझ्टेक, स्पॅनिश लोक. मधेच म्हणाला, "मामा, ह्या लोकायचं सगळं स्पेनवाल्यायनं बदलून टाकलं म्हन्ते. आपल्याकडं तं इंग्रज येऊन गेले, पन आपलं काई बदललं नाई ना? देव तेच, बोली तेच, पोळा तोच."

मी त्याला विचारलं, "मग तुझ्या गावाच्या नावात रेल्वे काऊन हाय?"

तो हसला. पण प्रश्न माझ्याच डोक्यात राहिला, म्हणून हे लिहितोय. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

आधी मेक्सिकोचं थोडक्यात. १५१९ मध्ये कोर्तेस काही शे माणसं घेऊन किनाऱ्यावर उतरला. १३ ऑगस्ट १५२१ रोजी ॲझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान पडली. हे एकट्या स्पॅनिश तोफांचं काम नव्हतं. ॲझ्टेकांच्या खंडणीला वैतागलेले त्लाश्कालासारखे शेजारी हजारोंनी स्पॅनिशांच्या बाजूनं लढले, आणि १५२० मध्ये देवीच्या साथीनं शहर आधीच पोखरलं होतं. पुढच्या शंभर वर्षांत साथी आणि वेठीनं मध्य मेक्सिकोतली दहापैकी आठ-नऊ माणसं गेली, असं बहुतेक अभ्यासक मानतात. देवळं पाडून त्याच दगडांची चर्च उभी राहिली. गावंच्या गावं स्पॅनिश सरदारांना वाटून दिली गेली. त्या गावांनी राबायचं आणि खंडणी भरायची. वसुली मात्र बरेचदा जुन्या स्थानिक सरदारांच्याच हातून होई. माणूस ओळखीचा, फक्त मालक नवा.

आता आपल्याकडं या. १८०३ मध्ये अडगावला आणि गाविलगडावर आर्थर वेलस्लीनं नागपूरकर भोसल्यांच्या फौजा हरवल्या. वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख, म्हणजे आपला वऱ्हाड, निजामाकडे गेला. इथवर लढाई होती. इंग्रजांच्या हाती मात्र वऱ्हाड लढाईनं आलाच नाही, तो उधारीत गेला. निजामाच्या राज्यात इंग्रजांनी स्वतःच्या अधिकाऱ्यांखाली एक फौज ठेवली, हैदराबाद कंटिंजंट. खर्च निजामाचा. पगार थकत गेले, कर्ज चढत गेलं. मे १८५३ मध्ये डलहौसीच्या काळात तह झाला आणि त्या खर्चापोटी वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब इंग्रजांच्या ताब्यात गेले.

१८६० मध्ये नवा तह झाला. सुमारे ५० लाखांचं कर्ज माफ केलं, धाराशिव आणि रायचूर परत दिले. वऱ्हाड मात्र ठेवून घेतला. कर्ज फिटलं, गहाण सुटलं नाही! सालारजंगांनी थेट लंडनपर्यंत जाऊन प्रयत्न केला, उपयोग झाला नाही. १९०२ मध्ये कर्झननं वऱ्हाड वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमचा खंडानं घेतला. निजामाच्या मुलाला पुढे "प्रिन्स ऑफ बेरार" अशी पदवी मिळाली. नाव त्यांचं, वावर दुसऱ्याचं.

वऱ्हाड परत का दिला नाही? कापसामुळे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला. तेव्हा मँचेस्टरवाल्यांची नजर आपल्या काळ्या मातीवर खिळली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. वाटेत आमचं स्टेशन. यवतमाळला तेव्हा रेल्वे नव्हती, त्यामुळे तिकडचा माल बैलगाड्यांनी धामणगाव स्टेशनला यायचा. १८७० मध्ये खामगावचा फाटा सुरू झाला, उद्घाटनाला खुद्द व्हाईसरॉय लॉर्ड मेयो आला. एका कापसाच्या बाजारासाठी व्हाईसरॉय! पुढच्या वर्षी अमरावतीला फाटा आला. तार आली. लिव्हरपूलचा भाव खामगावात कळू लागला.

इथवरची गोष्ट शाळेत "दळणवळणाची प्रगती" म्हणून शिकलो. नावं ठेवायचं कारण नाही, माझं गाव त्याच रेल्वेवर वाढलं. पण खरा बदल रुळावर झाला नाही, कागदावर झाला.

१८६१ पासून इथं मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी सुरू झाली. प्रत्येक वावराला नंबर, प्रत्येक नंबराला खातेदार, प्रत्येक खात्यावर रोख सारा. देशमुख-देशपांड्यांचं वसुलीचं काम गेलं, त्याबदली रोख हक्क बांधून मिळाले. गढी उभी राहिली, पण आतली सत्ता निघून गेली. साध्या कुणब्याला देशमुखाच्या दारात न जाता सरकारात आपलं नाव लागलं, ही लहान गोष्ट नव्हती, हेही कबूल करायला पाहिजे.

पण त्याच कागदानं वावर विकता येऊ लागलं, गहाण टाकता येऊ लागलं, आणि सावकाराला कोर्टात जाऊन ते घेता येऊ लागलं. सारा रोखीत आणि ठरल्या तारखेला. पाऊस पडो न पडो. रोख पैसा देणारं पीक कोणतं? पऱ्हाटी. म्हणून पऱ्हाटी वाढली. ती पेरायला उधारी, उधारीला वावर तारण. हे चक्र ओळखीचं वाटतंय ना?

आता विणकरांचं ऐका. हॅरी रिव्हेट-कार्नॅक हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा कापूस आयुक्त. त्यानं सरकारी अहवालात हिशेब मांडला. रेल्वेनं विलायती कापड स्वस्तात आणायचं, म्हणजे देशी कापड मागे पडेल. इथं सुतात जाणारा कापूस मग निर्यातीला सुटेल आणि सूत कातणारे, विणणारे हात शेतमजुरीला मोकळे होतील. हा कोणी विरोधकानं केलेला आरोप नाही, हे अधिकाऱ्याचं स्वतःचं नियोजन. आपले कोष्टी आणि महार विणकर मागावरून उठून दुसऱ्याच्या वावरात निंदणाला कसे गेले, त्याची एक वाट या अहवालातून जाते.

आणि पेव. माझी आजी सांगायची, पूर्वी गावात जवारीची पेवं असत, साल खराब गेलं की उघडायची. रोखीचं पीक आलं, जवारीलाही बाजार मिळाला आणि साठवण हटत गेली. मग १८९६-९७ चा दुष्काळ आला आणि पाठोपाठ १८९९-१९०० चा, तोच छपन्न्या. रेल्वे होती. बाजारात धान्यही येत होतं. मजुराच्या हातात ते घ्यायला पैसा नव्हता. १८९१ च्या जनगणनेत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २८ लाख ९७ हजार होती, १९०१ मध्ये ती सुमारे २७ लाख ५४ हजार भरली. दहा वर्षांत वाढायची ती माणसं जवळजवळ दीड लाखानं कमी झाली. देशातल्या सगळ्यात श्रीमंत कापूसपट्ट्यात!

बाजाराचंही तेच. १८८६ मध्ये कारंज्याला नियंत्रित कापूस बाजार झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस-धान्य बाजाराचा कायदा आला. देशातला असा पहिला. आजच्या बाजार समितीचं मूळ आपल्या मातीत आहे याचा अभिमान वाटायला हरकत नाही. फक्त त्या समितीत कोण बसायचं? नगरपालिकेचे लोक आणि कापसाचे व्यापारी. कापूस पिकवणाऱ्याला खुर्ची नव्हती.

तर भाच्याचा प्रश्न. मेक्सिकोत बदल डोळ्याला दिसतो. देऊळ पाडलेलं दिसतं, भाषा मागे पडलेली दिसते. आपल्याकडं इंग्रजांनी विठोबाला हात लावला नाही, वऱ्हाडी बोली बदलली नाही, पोळा बंद केला नाही. म्हणून आपल्याला वाटतं, काही झालंच नाही. त्यांनी बदलला तो वावराचा हिशेब. काय पेरायचं, कोणासाठी पेरायचं, भाव कोण ठरवणार आणि साल बुडालं तर कोण बुडणार. हा बदल दिसत नाही म्हणूनच टिकला. इंग्रज १९४७ ला गेले, हिशेब इथंच राहिला.

गंमत अशी की आज आपण जी बीटी कपाशी लावतो तिची मूळ जात मेक्सिकोकडचीच. ॲझ्टेकही आपल्या अंकित गावांकडून सुती कापड खंडणी म्हणून घेत. ती कपाशी फिरत फिरत आमच्या धुऱ्यापर्यंत आली आहे. लिव्हरपूलच्या तारेच्या जागी न्यूयॉर्कच्या वायदेबाजाराचा आकडा मोबाईलवर येतो. मागच्या हंगामात बाबा गाडी भरून दिवसभर रांगेत उभे होते. संध्याकाळी भाव ऐकून एवढंच म्हणाले, "इचारते कोन आपल्याले?" हा प्रश्न दीडशे वर्षांचा आहे, हे मला आत्ता कळतंय.

मी भाच्याला सांगितलं, परीक्षेत मेक्सिकोवर लिही, पण धामणगाव गढी आणि धामणगाव रेल्वे ही दोन नावंही लक्षात ठेव. पहिल्या नावात जुनी सत्ता आहे, दुसऱ्यात नवी. दोन्ही नावांत कास्तकार कुठंच नाही.

तुमच्या गावात पडकी गढी, बुजलेलं पेव, बंद जिनचं धुराडं असेल, घरच्या म्हाताऱ्यांकडून त्याबद्दल काही ऐकलं असेल, तर खाली नक्की लिहा. हे सांगणारी माणसं कमी होत चालली आहेत.