नाण्याची खाच आणि परवान्याचा कागद

एखाद्या करमणुकीचा इतिहास लिहावयाचा तर तीत रमलेल्या माणसांच्या आठवणींकडे वळावे, हा आपला स्वाभाविक समज असतो. परंतु नाणे टाकून खेळावयाच्या यंत्रांचा, म्हणजे ज्यांच्या जागेला आपल्याकडे पुढे व्हिडिओ गेम पार्लर असे नाव पडले त्या खेळघरांचा वृत्तान्त मात्र निरनिराळ्या देशांच्या सरकारी दप्तरांत, बंदीहुकमांत आणि न्यायनिवाड्यांत अधिक तपशिलाने सापडतो. कारण हे यंत्र ज्या गावी गेले तेथे त्याच्यामागोमाग पोरे आली, आणि पोरांच्या मागोमाग अंमलदार.

न्यूयॉर्कचे महापौर फिओरेलो ला गार्डिया यांनी १९४२ साली पिनबॉल हा जुगार ठरवून ती यंत्रे जप्त करविली आणि स्वतः हाती घण घेऊन ती फोडली, ही कथा बहुधा सत्तेच्या अरसिकपणाचा नमुना म्हणून सांगितली जाते. मला तो निर्णय तितकासा अन्यायाचा वाटत नाही. त्या काळच्या पिनबॉलला चेंडू पुन्हा वर उडविणारे फ्लिपर नव्हतेच; दट्ट्या ओढून चेंडू एकदा सोडला की तो खिळ्यांवर आपटत आपल्या मर्जीने खाली यावयाचा, आणि यंत्राला हळूच एखादा धक्का देण्यापलीकडे खेळणाऱ्याच्या हाती काही उरत नसे. फ्लिपर आले ते १९४७ साली, गॉटलिब कंपनीच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रावर. म्हणजे बंदीचे मुख्य कारण पाच वर्षांतच नाहीसे झाले, बंदी मात्र १९७६ पर्यंत जशीच्या तशी राहिली. त्या वर्षी रॉजर शार्प या तरुण लेखकाने नगरपरिषदेच्या सभासदांसमोर यंत्र खेळून दाखविले, आणि हा खेळ कौशल्याचा आहे हे पटविण्यासाठी चेंडू कोणत्या वाटेने उतरेल ते आधी सांगून तो बरोबर त्याच वाटेने सोडला. गंमत अशी की हा निर्णायक डाव त्यांनी साधला तो दट्ट्याने, जो १९४२ सालीही यंत्राला होताच. माझ्या वरील मताला यामुळे थोडा छेद जातो, हे कबूल केले पाहिजे.

तोवर पिनबॉलच्या शेजारी दुसरे एक यंत्र येऊन उभे राहिले होते. कॅलिफोर्नियातील सनीव्हेल गावच्या अँडी कॅप्स टॅव्हर्न या मद्यगृहात १९७२ साली अटारी कंपनीने ‘पाँग’चा पहिला नमुना ठेवला, थोड्याच दिवसांत तो बंद पडल्याची तक्रार आली, आणि त्याचे कर्ते अ‍ॅलन अल्कॉर्न दुरुस्तीस गेले तेव्हा पैशांचा डबा तुडुंब भरून नाणी अडकली आहेत, एवढाच बिघाड निघाला. अशा प्रकारच्या नादुरुस्तीची खंत कोणत्याही व्यापाऱ्याने बाळगल्याचे ऐकिवात नाही.

अमेरिकेत हे यंत्र मद्यगृहातून आले म्हणून खेळणारा त्याच्यापुढे उभा राहिला. जपानात ते कॉफीगृहातून पसरले म्हणून खेळणारा बसला. तोमोहिरो निशिकादो यांनी ताइतो कंपनीसाठी रचलेला ‘स्पेस इन्व्हेडर्स’ १९७८ साली बाजारात आला आणि कॉफीगृहांच्या टेबलांतच पडदे बसविण्याची चाल पडली. काचेखाली परग्रहावरचे सैन्य रांगेने उतरत आहे आणि काचेवर कॉफीचा पेला निवत आहे, असे दृश्य त्या देशात नित्याचे झाले. केवळ या एकाच खेळाची घरेही ठिकठिकाणी निघाली. सरकारची नजर त्यांच्याकडे वळली, पण ला गार्डियांचा घण तेथे कोणी उचलला नाही. करमणुकीच्या धंद्यांविषयीचा १९४८ सालचा जो कायदा होता त्यात १९८४ साली दुरुस्ती होऊन खेळघरे त्याच्या कक्षेत घेण्यात आली, त्यांना परवाना लागू झाला, आणि मध्यरात्रीनंतर दारे बंद ठेवण्याची सक्ती झाली. खेळ राहिला, रात्र तेवढी गेली. परंतु जपानी खेळघराला परवान्याहून अधिक जाचली ती नाण्याची खाच. एका खेळास शंभर येनचे एक नाणे, हा दर लोकांच्या अंगवळणी पडलेला. १९८९ साली तीन टक्क्यांचा उपभोगकर आला, तो चढत चढत २०१९ साली दहा टक्क्यांवर गेला, आणि साध्या दुकानदाराने जशी किंमत एकशे तीन किंवा एकशे दहा केली तशी करण्याची सोय त्या खाचेत नव्हती. प्रत्येक वाढ मालकाने आपल्या गल्ल्यातून भरली. महासाथीच्या काळात गिऱ्हाईक आटले तेव्हा सेगासारख्या मातबर कंपनीनेही आपल्या खेळघरांच्या धंद्यातील बहुतांश हिस्सा २०२० साली विकून टाकला.

ब्रिटनमध्ये समुद्रकाठच्या धक्क्यांवर अशी यंत्रे आधीपासूनच होती, त्यामुळे नव्या पाहुण्याला जागा शोधावी लागली नाही. तरीही जॉर्ज फाउल्क्स या मजूर पक्षाच्या सभासदाने १९८१ साली या यंत्रांवर स्थानिक संस्थांचे नियंत्रण असावे असे विधेयक पार्लमेंटात मांडले. ते ९४ विरुद्ध ११४ मतांनी फेटाळले गेले. लोकशाहीत असा वाद वीस मतांवर मिटतो. त्याच वर्षी फिलिपाइन्समध्ये राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनी एका फर्मानाने सर्व व्हिडिओ गेमवर बंदी घातली, तेथे मते मोजण्याचा प्रश्न उद्भवला नाही. ग्रीसची गोष्ट मात्र विनोदी अंगाने जाते: जुगाराची यंत्रे आणि साधी यंत्रे यांत भेद करणे जमेना, म्हणून तेथील सरकारने २००२ साली दोन्हींवर सरसकट बंदी घातली, आणि ती युरोपीय कायद्याशी विसंगत असल्याचा निकाल लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाला २००६ साली द्यावा लागला.

या भेदाचा प्रश्न आपल्याकडेही आला. कर्नाटकातील खेळघरांच्या चालकांनी परवान्याच्या सक्तीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागितली, तेव्हा १९९५ सालच्या निकालात न्यायालयाने ती सक्ती कायम केली; यंत्राच्या पोटात फेरफार करून खेळाडूचे कौशल्य निष्फळ करता येते, हे त्यामागचे एक कारण होते. यंत्राच्या पोटात काय चालते हे पोरांना ठाऊक नसे आणि त्याची फिकीरही नसे. कॅपकॉम कंपनीचा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ हा १९९३ सालचा खेळ मुंबईपासून जिल्ह्याच्या गावापर्यंत सर्वत्र ‘मुस्तफा’ या नावाने ओळखला गेला. ते त्यातील चार वीरांपैकी एकाचे नाव. पण लांबलचक इंग्रजी मथळ्यापेक्षा तोंडात बसणारे आणि ओळखीचे नाव पोरांनी निवडले, यात मला भाषेची उत्तम जाण दिसते.

पाळी ठरविण्याच्या रीतीतही देशोदेशीचा स्वभाव उतरला. अमेरिकेत पुढच्या खेळाडूने आपले पाव डॉलरचे नाणे पडद्याच्या कडेवर ठेवले की त्याचा हक्क लागला, आणि पाच नाण्यांची रांग म्हणजे पाच माणसांची रांग. जपानात लढतीच्या खेळांची यंत्रे पाठीला पाठ लावून मांडलेली. पलीकडे अनोळखी माणूस न बोलता बसतो, नाणे टाकतो, आणि एकट्याने चाललेल्या आपल्या खेळात आव्हान उतरते. याला तेथे ‘रान्न्यू’, म्हणजे आगंतुकाची घुसखोरी, असे म्हणतात. तोंड मात्र खेळ संपेपर्यंत, पुष्कळदा त्यानंतरही, दिसत नाही. आपल्याकडे नाणे कडेवर ठेवण्याइतका भरवसा कोणाचा कोणावर नव्हता. कॉइन मुठीत घट्ट धरलेला, मूठ खिशात, हनुवटी खेळणाऱ्याच्या खांद्यावर, आणि कानाशी अखंड चाललेले: “लाइफ संपली ना? आता माझा नंबर. काका, बघा ना, हा उठत नाही.”