मुंगीला पंख फुटतात तेव्हां

मृगाची पहिली सर येऊन गेली कीं पुढच्या चार-दोन दिवसांत आपणां सर्वांच्या घरीं एक प्रसंग ठरलेला असतो. संध्याकाळीं दिवा लागतांच पंखांचे किडे त्याभोंवतीं घिरट्या घालूं लागतात, वाढलेल्या ताटांत पडतात, आणि सकाळीं केर काढणाराला खिडकीखालीं गळालेल्या पंखांचा ढीग सांपडतो. घरांतील एखादें वडील माणूस म्हणतें, 'मुंगीला पंख फुटले, आतां तिचें मरण जवळ आलें.' उतून गेलेल्या माणसाला उद्देशून ही म्हण आपण नेहमीं वापरतों. ती केवळ आपलीच आहे असें मात्र नाहीं. सेर्व्हांतेस या स्पॅनिश लेखकाच्या 'डॉन किहोते' कादंबरीचा दुसरा भाग १६१५ सालीं निघाला. त्यांत सांको हा सेवकही मुंगीच्या पंखांविषयीं याच अर्थाची म्हण बोलून दाखवितो. इतक्या दूरच्या दोन देशांतील लोकांनीं एकच गोष्ट पाहिली आणि तिचा एकच अर्थ लावला. तो अर्थ अर्धाच खरा आहे. उरलेला अर्धा शोधून काढण्यास माणसाला सुमारें पावणेदोनशें वर्षें लागलीं. त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

आधीं माझ्या एका चुकीची कबुली देतों. मीं पस्तीस वर्षें मास्तरकी केली. नोकरीच्या आरंभींची गोष्ट. जून महिना, शाळा नुकतीच उघडलेली. एक मुलगा औषधाची रिकामी बाटली घेऊन माझ्या टेबलापाशीं आला. बाटलींत ओली माती होती आणि मातीवर एक टपोरी काळी मुंगी, पंख नसलेली. 'गुरुजी, हिनें स्वतःच आपले पंख काढून टाकले, मीं पाहिलें,' असें तो म्हणाला. मला धडा पुरा करावयाचा होता. मीं त्याला ती म्हण ऐकविली, 'पंख गेले म्हणजे ही मेलीच,' असें सांगितलें, आणि बाटली खिडकीबाहेर रिकामी केली. वर्ग हंसला. तो मुलगा कांहीं न बोलतां जागेवर जाऊन बसला. पुन्हा त्यानें मला असें कांहीं आणून दाखविलें नाहीं. तो जें सांगत होता तें अक्षरशः खरें होतें, हें मला निवृत्त झाल्यावर, फुरसतीनें वाचूं लागलों तेव्हां कळलें.

येथें एक खुलासा अवश्य आहे. दिव्याभोंवतीं जमणाऱ्या किड्यांत पुष्कळदां मुंग्या थोड्या आणि वाळवी फार असते. वाळवीचे चारी पंख सारख्या लांबीचे असतात, कंबर जाड असते, आणि मिशा मण्यांच्या सरळ माळेसारख्या असतात. मुंगीचे पुढचे पंख मोठे व मागचे लहान, कंबर अगदीं बारीक, आणि मिशा हाताच्या कोपराप्रमाणें वाकलेल्या. शरीररचनेनें वाळवी झुरळाची नातलग, तर मुंगी गांधीलमाशीची. तेव्हां दोघींना एकत्र मोजूं नये. आजची गोष्ट मुंगीची आहे.

ती सुरू होते फ्रान्स देशांत. उष्णतामापकावर ज्याचें नांव बराच काळ चाललें तो रेओम्यूर हा शास्त्रज्ञ १७३१ च्या सप्टेंबरच्या आरंभीं पोआतू प्रांताकडे निघाला होता. तूर शहराजवळ, ल्वार नदीच्या बांधावर, हवा फार उकडत होती म्हणून तो गाडींतून खालीं उतरला. रस्त्यावर हवेंत मुंग्यांचे लहान लहान ढग तरंगत असलेले त्याला दिसले. असें दृश्य पाहून बहुतेक प्रवासी रुमालानें तोंड झांकून पुढें गेले असते. रेओम्यूरनें हात पुढें करून त्या मुंग्या धरल्या. पाहतो तों जोड्याच्या जोड्या. एक मुंगी मोठी, दुसरी तिच्याहून पुष्कळ लहान. पंखांच्या मुंग्या ही निराळी जात नव्हे, किंवा म्हाताऱ्या झालेल्या मुंग्याही नव्हेत. ते नर आणि माद्या असून हें त्यांचें लग्न आहे, हें त्याच्या ध्यानांत आलें.

परंतु हें ज्ञान जगाला मिळालें नाहीं. कीटकांविषयींचे त्याचे सहा मोठे ग्रंथ १७३४ ते १७४२ या काळांत निघाले. मुंग्यांचें प्रकरण मात्र हस्तलिखितच राहिलें. तें १९२६ सालीं अमेरिकेंत विल्यम मॉर्टन व्हीलर यांनीं इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केलें. म्हणजे पावणेदोनशें वर्षांहून अधिक काळ तें लिखाण कपाटांत पडून होतें, आणि मधल्या लोकांना तीच वाट पुन्हा पहिल्यापासून चालावी लागली.

१७४७ सालीं विल्यम गूल्ड नांवाच्या इंग्रज पाद्र्यानें इंग्लंडांतील मुंग्यांवर एक लहानसें पुस्तक छापलें. पंखांची मोठी मुंगी आणि घरट्यांतील बिनपंखांची राणी ही एकच असून पंख मागाहून जातात, असें त्यानें ओळखलें. पण पंख जातात कसे? याचें उत्तर १८१० सालीं जिनीव्हाच्या प्येर ह्यूबेरनें दिलें. याचे वडील फ्रान्स्वा ह्यूबेर अंध असूनही मधमाश्यांच्या अभ्यासाबद्दल युरोपभर प्रसिद्ध होते. पाहण्याची शिस्त मुलाला घरींच लाभली होती. त्यानें लग्न होऊन खालीं उतरलेल्या माद्या कांचेच्या भांड्यांत ओल्या मातीवर ठेवल्या. मग त्याला दिसलें कीं ती मादी आपले पंख ताणते, पुढें आणते, उलटसुलट फिरविते आणि पायांनीं रेटून उपटून टाकते. पंख गळत नाहींत. ती ते टाकते. माझा विद्यार्थी बाटलींत हेंच पाहून आला होता.

आतां एकच प्रश्न उरला. पंख टाकलेली ही एकटी मादी, कामकऱ्यांची मदत नसतां, नवीन घरटें उभें करूं शकते काय? याविषयीं विद्वानांत मतभेद होता. तो एका जातीपुरता तरी मिटविला सर जॉन लबक यांनीं. हे गृहस्थ व्यवसायानें पेढीवाले, पार्लमेंटचे सभासद, आणि डार्विनचे शेजारी. १८७६ च्या ऑगस्टमध्यें त्यांनीं आपल्या बागेंत उडत असलेल्या मुंग्यांच्या दोन जोड्या धरल्या आणि ओली माती, पाणी व थोडें अन्न देऊन निराळ्या ठेवल्या. माद्यांनीं हिवाळा काढला. पुढच्या वसंतांत अंडीं दिसलीं, आणि १८७७ च्या जुलैंत पहिली कामकरी मुंगी कोशांतून बाहेर आली. एकट्या आईनें घर उभें केलें होतें. यासाठीं मोठी प्रयोगशाळा लागली नाहीं. लागलें तें वर्षभराचें धैर्य. याच लबकांच्या संग्रहीं १८७४ च्या अखेरीस आलेली दुसऱ्या जातीची एक राणी १८८८ च्या ऑगस्टपर्यंत जगली. पंख फुटले म्हणजे मरण आलें, या समजुतीला याहून चोख उत्तर काय असावें?

शेवटचें कोडें पोटाचें होतें. कित्येक जातींची राणी जमिनींत एक लहानशी कोठडी करून तोंड बंद करून घेते आणि आठवडेच्या आठवडे अन्नाचा कण न घेतां पिलें वाढविते. हें अन्न येतें कोठून? १९०७ सालीं शार्ल झाने या फ्रेंच अभियंत्यानें युरोपांतील सामान्य काळ्या मुंगीच्या राण्या निरनिराळ्या दिवशीं चिरून पाहिल्या. तेव्हां असें आढळलें कीं लग्नाच्या उड्डाणानंतर छातींतील पंखांचे दांडगे स्नायू हळूहळू विरघळून नाहींसे होतात. उडण्याची ताकद अंडीं आणि पिलें यांच्या पोषणाला लागते. आपल्या आयुष्यांत ती एकदांच उडते. त्या एका उड्डाणांत मिळालेलें नराचें बीज ती जन्मभर पोटांत सांठवून ठेवते आणि वर्षानुवर्षें अंडीं घालते. नर मात्र लग्नानंतर थोड्याच अवधींत मरतात. माद्यांतही पक्षी, बेडूक आणि पाली यांच्या तोंडून फार थोड्या वांचतात. म्हण अर्धी खरी आहे असें मीं म्हटलें तें यासाठीं.

या कथेचा एक धागा आपल्या पुण्यापर्यंत येतो. ह्यूबेरचें तें पुस्तक स्वित्झर्लंडांतील ऑग्यूस्त फोरेल या मुलाच्या हातीं पडलें. मोठेपणीं तो वेड्यांच्या इस्पितळाचा नामांकित डॉक्टर झाला. पण मुंग्यांचा नाद सुटला नाहीं. मुंबई इलाख्याच्या जंगलखात्यांतील रॉटन नांवाचे अधिकारी पुण्याच्या व इतर ठिकाणच्या मुंग्या गोळा करून त्याच्याकडे पाठवीत. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत १८९२ सालीं रॉटनचा 'आमच्या मुंग्या' हा लेख आला, आणि त्याच नियतकालिकांत हिंदुस्थान व सिंहलद्वीप येथील मुंग्यांविषयींची फोरेलची लेखमालाही निघाली. आपल्या अंगणांतील कित्येक मुंग्यांना शास्त्रांत नांव मिळालें तें असें, सात समुद्रांपलीकडच्या एका मुलाला वेळेवर एक पुस्तक मिळालें म्हणून.

हें वाचल्यापासून मी दरवर्षीं पहिल्या पावसानंतर अंगणांत हिंडतों. हवा दमट, वारा पडलेला, ऊन-पाऊस नुकता होऊन गेलेला, अशी वेळ साधावी. राणी ओळखणें अवघड नाहीं: इतर मुंग्यांहून पुष्कळ मोठी, छाती फुगीर, आणि छातीच्या बाजूंना तुटलेल्या पंखांचे खुंट. ती रांगेंत चालत नाहीं. एकटीच भिंतीच्या कडेनें जागा शोधीत धांवते. पंख अजून अंगावर असतील तर तिचें लग्न व्हावयाचें असूं शकतें, तिला सोडून द्यावें. बिनपंखांची एखादीच घ्यावी. कांचेच्या नळींत तळाशीं पाणी, त्यावर कापसाचा घट्ट बोळा, मग राणी, आणि तोंडाशीं दुसरा बोळा. नळी अंधाऱ्या कपाटांत ठेवावी आणि रोज उघडून पाहूं नये. वारंवार हलविल्यास ती आपलीं अंडीं स्वतःच खाऊन टाकते. गेल्या वर्षीं मीं अशी मुंगळ्याची एक राणी ठेवली होती. सव्वा महिन्यानें नळींत तीन लहानशा मुंग्या तिच्याभोंवतीं फिरतांना दिसल्या. त्या सर्वांना मीं पेरूच्या झाडाखालीं नेऊन सोडलें.

श्रोतेहो, रेओम्यूरचें लिखाण कपाटांत राहिलें, तें कोणी मुद्दाम दडविलें असेल असें मला वाटत नाहीं. माझ्या विद्यार्थ्याची बाटली मात्र मीं माझ्या हातानें रिकामी केली, आणि तीही एका म्हणीच्या जोरावर. यंदाच्या पावसाळ्यांत आपल्या घरांतील एखादें मूल ओल्या मातीची बाटली घेऊन आपल्यापुढें आलें, तर ती फेंकूं नका. तिला अंधारी जागा द्या, आणि महिनाभर थांबा. त्या मुलाचें नांव, गांव मला आतां नीटसें आठवत नाहीं. तो आज चाळिशी ओलांडलेला असेल. हें भाषण त्याच्या कानांवर पडलें, तर त्यानें समजावें कीं गुरुजींचें चुकलें होतें आणि त्याचें बरोबर होतें.